छोटा व्यवसाय आणि नागरी सहभाग : भंडारा जिल्ह्यातील मामा तलावांच्या आधारे एक विवेचन

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –

• ‘दान’ आणि ‘जबाबदारी’ या संकल्पनांतील फरक स्पष्ट करता येईल.
• छोट्या व्यवसायाचे सार्वजनिक साधनसंपत्तीशी असलेले नाते सांगता येईल.
• व्यावसायिकाच्या नागरी सहभागाचे मार्ग व त्याच्या मर्यादा विशद करता येतील.

1. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘सामाजिक जबाबदारी’ हा शब्दप्रयोग तुम्ही वृत्तपत्रांत वारंवार वाचता. बहुधा त्याचा संदर्भ मोठ्या उद्योगांचा असतो. कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 135 नुसार 500 कोटी रुपये किंवा अधिक नक्त मूल्य, 1000 कोटी रुपये किंवा अधिक उलाढाल, अथवा 5 कोटी रुपये किंवा अधिक निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. तुमच्या गावातील किराणा दुकानदार, पितळी भांड्यांचा कारागीर किंवा मासे विकणारी बाई या तरतुदीच्या जवळपासही येत नाही. मग छोट्या व्यावसायिकाला सामाजिक जबाबदारी नसतेच का? असल्यास ती कोठून येते? या प्रश्नांचा विचार आपण भंडारा जिल्ह्यातील एका उदाहरणाच्या साहाय्याने करणार आहोत.

2. ‘जबाबदारी’ या शब्दाचा अर्थ

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘जबाब’ हा शब्द मूळचा अरबी, ‘-दार’ हा प्रत्यय फारसी. जबाब देण्यास जो बांधलेला आहे तो ‘जबाबदार’, आणि त्याची ती स्थिती म्हणजे ‘जबाबदारी’. संस्कृतातून घडवलेल्या ‘उत्तरदायित्व’ या शब्दाची घडणही हाच अर्थ सांगते. म्हणजे या संकल्पनेच्या मुळाशी पैसा नाही. कोणीतरी प्रश्न विचारणारा आहे आणि आपण त्याला उत्तर देणे लागतो, ही जाणीव आहे.

‘दान’ याहून वेगळे आहे. दान देणारा कोणाला, केव्हा आणि किती द्यायचे हे स्वतः ठरवतो. घेणारा त्याला प्रश्न विचारत नाही. समजा, एखाद्या धानगिरणीचा मालक गणेशोत्सवाला भरघोस वर्गणी देतो, परंतु गिरणीतील तुसाची धूळ शेजारच्या वस्तीत उडत राहते. त्याने दान केले, हे खरे. वस्तीने विचारलेल्या प्रश्नाला मात्र उत्तर दिलेले नाही. हा भेद पुढील विवेचनात ध्यानी ठेवावा.

3. मामा तलाव : पार्श्वभूमी

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील असंख्य तलाव आणि बोड्या गोंड राजवटीच्या काळात प्रामुख्याने कोहळी समाजाने बांधल्या. धानाची शेती, पिण्याचे पाणी, गुरे आणि मासे या सर्वांचा आधार हे तलाव होते. पुढे मालगुजारी पद्धतीत त्यांची देखरेख मालगुजारांकडे राहिली. तेव्हा हा प्रदेश मध्य प्रांतात होता. मध्य प्रदेशच्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाच्या मालकीचे झाले. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांच्या आद्याक्षरांपासून ‘मामा तलाव’ हे आजचे रूढ नाव तयार झाले.

मालकी बदलली, तसा प्रश्न विचारायचा कोणाला हेही बदलले. पूर्वी पाळ फुटली तर गावाला मालगुजाराच्या दारी जाता येत असे. आता 100 हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. गाळ साचतो, पाळ खचते, काठाला ‘बेशरम’ ही वनस्पती माजते. तलाव सर्वांचा, म्हणून त्याची निगा कोणाचीच नाही, अशी अवस्था अनेक ठिकाणी आली.

4. ढिवरांचा व्यवसाय आणि गावाचा तलाव

या तलावांवर ढिवर समाजाचा मासेमारीचा परंपरागत व्यवसाय चालतो. ढिवरांच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था ठरावीक मुदतीसाठी तलाव ठेक्याने घेतात, मत्स्यबीज सोडतात आणि मासे विकतात. महिला आठवडी बाजारात विक्री करतात. भांडवल थोडे, जोखीम मोठी आणि नफा अनिश्चित, असा हा खऱ्या अर्थाने छोटा व्यवसाय आहे.

त्याची अडचण नीट समजून घ्या. संस्थेला हक्क मिळतो तो मासे धरण्याचा. पाण्यावर तिची सत्ता नसते. परतीचा पाऊस हुलकावणी देतो तेव्हा धान वाचवण्यासाठी शेतकऱ्याला तलावाचे पाणी हवे असते. मासे जगवण्यासाठी तेच पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकावे, असे ढिवरांना वाटते. दोघांचीही गरज खरी आहे. शिवाय रोहू, कटला, मृगळ यांसारख्या वाढवलेल्या माशांवरच भर दिल्याने, आणि तलाव गाळाने भरत गेल्याने, स्थानिक मासे व पाणवनस्पती कमी होत गेल्या. बीज विकत घ्यावे लागते आणि ते वाढले नाही तर कर्ज डोक्यावर राहते.

अशा वेळी संस्थेपुढे दोन मार्ग असतात. ठेक्याच्या मुदतीत जेवढे मिळेल तेवढे ओरबाडून घ्यावे, हा पहिला. तलाव जगला तरच धंदा जगेल हे ओळखून त्याच्या निगेत भाग घ्यावा, हा दुसरा. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील काही गावांत ढिवरांनी दुसरा मार्ग निवडला. (गोंदिया जिल्हा 1999 मध्ये भंडाऱ्यातूनच वेगळा झाला.) भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेच्या साथीने त्यांनी बेशरम उपटली, तलावात स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि स्थानिक माशांना आसरा मिळेल अशी व्यवस्था केली. पिढ्यान्‌पिढ्यांचे पारंपरिक ज्ञान येथे कामी आले. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या उपयोगी, हे पाण्यात आयुष्य घालवलेल्या माणसांना ठाऊक होते.

येथे दान कोणीच केले नाही. ढिवरांनी स्वतःचा व्यवसाय सावरला. तलाव सुधारल्याचा लाभ मात्र गुरांना, पक्ष्यांना आणि साऱ्या गावाला झाला. 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय सहकारी संघटनेने मँचेस्टर येथे सहकाराच्या तत्त्वांत ‘समाजाविषयी आस्था’ हे सातवे तत्त्व समाविष्ट केले. त्याचा प्रत्यक्ष अर्थ अशा तलावाच्या काठावर अधिक स्पष्ट दिसतो.

परंतु श्रमदानाने सारे सुटत नाही. पाणी केव्हा सोडायचे, किती राखायचे, गाळ कोठे टाकायचे हे निर्णय बोलून, भांडून, तडजोड करूनच घ्यावे लागतात. त्याची जागा ग्रामसभा ही आहे. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. मासे विकणारी बाई तेथे उभी राहून तलावाबद्दल बोलते, तेव्हा ती आपल्या धंद्याची बाजू मांडतेच, शिवाय शेतकऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देण्यासही बांधली जाते. नागरी सहभाग म्हणतात तो हाच.

5. सहभागाची मर्यादा

येथे एक शंका उपस्थित होते. व्यावसायिक सार्वजनिक कामात उतरला, तर तो स्वतःचाच लाभ पाहणार नाही काय? ही शंका रास्त आहे. म्हणूनच महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 नुसार पंचायतीच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेली व्यक्ती सदस्य राहण्यास अपात्र ठरते. आपले हित उघड सांगून सभेत बोलणे हा सहभाग. ते झाकून निर्णयाच्या खुर्चीत बसणे हा गैरवापर.

महाराष्ट्राच्या इतिहासात याचा आदर्श महात्मा जोतीराव फुले यांच्या रूपाने दिसतो. ते स्वतः कंत्राटदार व व्यावसायिक होते आणि 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याच्या प्रस्तावाला त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे त्यांचे म्हणणे होते. शासनाने नेमलेल्या सदस्याने, तोही व्यावसायिक असताना, सत्ताधाऱ्यांची नाराजी ओढवून घेणे सोपे नव्हते. सार्वजनिक पैशाचा जबाब लोकांना द्यायचा असतो, हे त्यांनी कृतीने दाखवले.

6. सारांश

मोठ्या कंपनीची सामाजिक जबाबदारी कायदा टक्क्यांत मोजतो. छोट्या व्यावसायिकाची जबाबदारी अशी मोजता येत नाही. कारण त्याचा धंदा ज्या पाण्यावर, रस्त्यावर आणि शेजारावर उभा असतो, ते सर्व सामाईक असते आणि प्रश्न विचारणारा रोज समोर भेटतो. म्हणून त्याच्या जबाबदारीची तीन अंगे मानता येतात : आपल्या धंद्याने कोणाचे नुकसान होत नाही ना, हे पाहणे, ज्या सामाईक साधनावर धंदा चालतो त्याच्या निगेत वाटा उचलणे, आणि त्याविषयीच्या निर्णयांत आपले हित न लपवता सहभागी होणे. वर्गणी व देणगी यांचे स्थान या तिन्हींच्या नंतरचे आहे.

स्वाध्याय

1. ‘जबाबदारी’ आणि ‘दान’ यांतील फरक शब्दाच्या घडणीच्या आधारे स्पष्ट करा.
2. मामा तलावांच्या संदर्भात शेतकरी व ढिवर यांच्या गरजांतील ताण तुमच्या शब्दांत मांडा.
3. तुमच्या गावातील एका छोट्या व्यावसायिकाशी बोला. त्याचा व्यवसाय कोणत्या सामाईक साधनावर अवलंबून आहे आणि त्या साधनाविषयीचे निर्णय कोठे होतात, याची सुमारे 150 शब्दांत नोंद करा.