आधी रस्ता, मग ई-सिम

पॅरिस, मग स्वित्झर्लंड, मग इटली हा मराठी पर्यटकांच्या युरोप सहलीचा नेहमीचा मार्ग. पॅरिसमध्ये आयफेल टॉवरखालून घरी व्हिडिओ कॉल होतो, बसमधून फोटो पाठवले जातात, नकाशा बिनचूक रस्ता दाखवतो. बस स्विस हद्दीत शिरते आणि काही जणांच्या फोनवरचं इंटरनेट बंद पडतं. फोन बिघडलेला नसतो. निघण्यापूर्वी घेतलेल्या ‘युरोप’ ई-सिमच्या देशांच्या यादीत स्वित्झर्लंडचं नाव नसतं.

युरोपियन युनियनने १५ जून २०१७ पासून आपल्या सदस्य देशांमधलं रोमिंगचं जादा शुल्क काढून टाकलं. युनियनबाहेरचे नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन हेही या व्यवस्थेत आहेत. स्वित्झर्लंड मात्र नाही. ब्रिटनही युनियन सोडल्यावर तिच्या बाहेर गेला. त्यामुळे ई-सिम विकणाऱ्या कंपनीला या दोन देशांसाठी वेगळा करार करावा लागतो. काही कंपन्या तो करतात, काही स्वस्त प्लॅनमधून हे देश वगळतात. परिणाम मोठा विचित्र होतो. लिख्टेनश्टाइनच्या फाडुत्समध्ये छान चालणारा डेटा ऱ्हाइन नदी ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये आलं की थांबू शकतो. म्हणून ई-सिम निवडताना किती जीबी मिळतात हे नंतर पाहावं. आधी सहलीचा कार्यक्रम समोर ठेवून प्रत्येक देशाचं नाव प्लॅनच्या यादीत आहे का, हे तपासावं. तुर्कस्तान, सर्बिया, अल्बानिया असे देश मार्गात असतील तर हे आणखी गरजेचं.

ई-सिम म्हणजे फोनमध्ये कारखान्यातच बसवलेली बारीक चिप. कार्ड बदलण्याऐवजी त्या चिपमध्ये कंपनीची माहिती, म्हणजे ‘प्रोफाइल’, इंटरनेटवरून उतरवून घेतलं जातं. सहसा एक क्यूआर कोड स्कॅन केला की काम होतं. २०१७ साली गूगलच्या पिक्सेल २ मध्ये आणि २०१८ साली आयफोन एक्सएस, एक्सआर मालिकेत ही सोय आली. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ मध्ये तर सिमकार्डाची खाचच ठेवली नाही. आपल्या फोनमध्ये ई-सिम चालतं का, हे पाहायला *#०६# डायल करावं. आयएमईआयसोबत ‘ईआयडी’ नावाचा लांबलचक क्रमांक दिसला, तर सहसा चालतं. तरी एक अडचण उरते. अमेरिकेतल्या मुलाने किंवा मुलीने पाठवलेला फोन तिथल्या मोबाइल कंपनीकडून हप्त्यांवर घेतलेला असला, तर तो त्या कंपनीपुरता ‘लॉक’ असू शकतो. अशा फोनवर दुसऱ्या कंपनीचं ई-सिम चालत नाही. हे विमानतळावर कळण्यापेक्षा महिनाभर आधी कळलेलं बरं.

प्रवासासाठी विकली जाणारी बहुतेक ई-सिम फक्त डेटाची असतात. त्यांना स्वतःचा फोन नंबर नसतो, आणि भारतीय प्रवाशाच्या दृष्टीने ही गैरसोय नाही. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर चालू राहतं. खरा प्रश्न ओटीपीचा. परदेशात कार्डाने पैसे भरताना, बँकेच्या ॲपमध्ये शिरताना ओटीपी भारतातल्या नंबरावर येतो. यूपीआय ॲपही नोंदवलेलं सिम फोनमध्ये आहे का, हे तपासतं. म्हणून भारतीय सिम काढून डबीत ठेवू नये. ते फोनमध्येच ठेवावं, त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावं आणि रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला शुल्क आहे का, हे आपल्या कंपनीला विचारावं.

मग फोनमध्ये डेटासाठी ई-सिम निवडायचं. इथेच अनेकांचा गोंधळ होतो. रोमिंग बंद ठेवा, असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण प्रवासी ई-सिम बहुधा दुसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं, त्यामुळे त्यावर ‘डेटा रोमिंग’ सुरू करावंच लागतं. भारतीय सिमवर मात्र ते बंद. एका सिमची रेंज गेली की दुसऱ्यावरून डेटा घेण्याची मुभा देणारी सेटिंगही बंद करावी. ती चालू राहिली तर डोंगरातल्या बोगद्यात फोन गुपचूप भारतीय सिमवर जाईल आणि बिल घरी आल्यावर दिसेल.

आता जीबी. नकाशे आणि लिखित संदेशांना फार थोडा डेटा लागतो. व्हिडिओ कॉल तासाला काहीशे एमबी खातो. नेटफ्लिक्सवर एचडी दर्जाचा चित्रपट तासाला तीन जीबीपर्यंत जातो. पण सर्वांत जास्त डेटा अनेकदा फोटोंच्या आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये संपतो. तो फक्त हॉटेलच्या वायफायवर चालेल असं करून ठेवलं, की लहान प्लॅन पुरतो. ‘अनलिमिटेड’ शब्दाखालची बारीक अक्षरं वाचावीत. रोजची ठरावीक मर्यादा ओलांडली की वेग कमी होतो, आणि बऱ्याच प्लॅनमध्ये हॉटस्पॉटवर बंधन असतं. नवरा-बायको एकाच ई-सिमवर भागवणार असतील तर हॉटस्पॉटचा नियम किमतीपेक्षा महत्त्वाचा.

ई-सिमचा डेटा कोणत्या देशातून फिरून येतो, याचाही फरक पडतो. रोमिंगचा डेटा अनेकदा मूळ कंपनीच्या देशातून इंटरनेटवर जातो. चीनमध्ये गूगल आणि व्हॉट्सॲप बंद असतात, तरी हाँगकाँगसारख्या ठिकाणच्या ई-सिमवर ती सहसा उघडतात, ती यामुळेच. तिथल्या स्थानिक सिमवर किंवा हॉटेलच्या वायफायवर ती उघडत नाहीत. याची दुसरी बाजू अशी, की डेटा दूरवरून फिरत आला तर इंटरनेट थोडं मंद वाटतं.

खरेदी कुठून करायची, हाही प्रश्न आहे. भारतात परदेशी सिम विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. ती नसल्याच्या कारणावरून जानेवारी २०२४ मध्ये एअरॅलो आणि होलाफ्लाय ही दोन लोकप्रिय ॲप्स भारतातल्या ॲप स्टोअरवरून काढायला लावली गेली. सायबर फसवणुकीसाठी परदेशी नंबर वापरले जातात, ही सरकारची चिंता होती. ती रास्त आहे. प्रवाशाने परवानगीधारक विक्रेत्याकडून पासपोर्ट दाखवून ई-सिम घ्यावं, किंवा भारतीय कंपनीच्या रोमिंग पॅकशी किंमत ताडून पाहावी. चार-पाच दिवसांच्या सहलीला तो पॅकही परवडू शकतो. तुर्कस्तानने जुलै २०२५ मध्ये अशा अनेक कंपन्यांची संकेतस्थळं आपल्या देशात बंद केली, म्हणून तिथे उतरून ई-सिम घेऊ, असं ठरवणं धोक्याचं. ते घरच्या वायफायवरच उतरवून घ्यावं. मुदत उतरवल्यापासून मोजतात की तिथल्या नेटवर्कला जोडल्यापासून, हे आधी वाचावं. आणि उतरवलेलं ई-सिम चुकून पुसू नये, कारण बहुतेक क्यूआर कोड एकदाच चालतात.

नातवंडांकडे अमेरिकेत पाच-सहा महिने राहायला जाणाऱ्या आजी-आजोबांचं गणित वेगळं. त्यांना डॉक्टरांची वेळ घ्यायला, शेजाऱ्यांना फोन करायला स्थानिक नंबर लागतो, म्हणून तिथल्या कंपनीचा प्रीपेड प्लॅन किंवा मुलांच्या फॅमिली प्लॅनमधली एक जोडणी त्यांना सोयीची. मात्र तेवढ्या काळात भारतातल्या नंबराचं रिचार्ज संपू देऊ नये. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो आणि पेन्शनच्या खात्याचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात.