दगड आधी वाजवून बघा!

कॉलेजच्या क्लाइंबिंग वॉलवर सगळं सरळ असतं. लाल होल्ड, निळा होल्ड, वर रोप, खाली गादी. पण एक दिवस ग्रुपमधलं कुणीतरी म्हणतं, ‘नदीच्या घळीत एक भारी कातळ आहे, फारसं कुणी चढलेलं नाही. जायचं?’

जा की! पण एक लक्षात ठेवा. बदामीसारख्या ठिकाणी तुमच्या आधी शेकडो जण चढलेले असतात. सुटे दगड निघालेले असतात, बोल्ट ठोकलेले असतात. अशा नव्या कड्यावर हे काम कुणीच केलेलं नसतं. तिथं पहिली परीक्षा दंडातल्या ताकदीची नसते, दगड ओळखण्याची असते.

आपला सह्याद्री साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. एक थर टणक, त्यावरचा सच्छिद्र, मधेच लाल मातीचा पट्टा. त्यामुळे खाली मस्त पकड मिळते आणि थोडं वर गेलं की तीच पकड हातात येते. म्हणून होल्डवर भार टाकण्याआधी तो वाजवून बघा. ठणठणीत वाजला तर ठीक, पोकळ वाजला तर सोडा. शंका असेल तर होल्ड खाली दाबा, बाहेर ओढू नका.

घळीत आणखी एक अडचण. साम्रदजवळची सांदण दरी पाहिली असेल, तर तुम्हाला कल्पना येईल. दोन्हीकडे उंच भिंती, मधे चिंचोळी वाट. वरून दगड सुटला तर पळायला जागाच नाही. म्हणून हेल्मेट चढणाऱ्यालाच नाही, बिले देणाऱ्यालाही हवं. बाकीच्यांनी कड्याखाली बसून डबे उघडायचे नाहीत.

पहिल्यांदा लीड करायचा मोह आवरा. मागच्या वाटेनं माथ्यावर जाता येत असेल तर टॉप रोप लावा. अँकर एकाच जागी नको. एक निसटला तरी दुसरा धरेल, असे किमान दोन हवेत. बसाल्टची धार रोप कापते, तिथं जाड गोणपाट घाला. कुणीतरी कधीतरी ठोकलेला गंजका बोल्ट दिसला, तर त्याच्यावर जीव टांगू नका. आणि हे सगळं अनुभवी क्लाइंबर सोबत असेल तरच.

आता नदी. डोक्यावर निळं आभाळ असलं तरी वरच्या खोऱ्यात पाऊस पडत असू शकतो. वर धरण असेल तर पाणी कधी सोडतात, हे गावातच कळेल. गावकऱ्यांना आणखी एक विचारा: आग्या मोहोळ कुठं आहे? कड्याच्या पोटाखाली लोंबणारी ती काळी पोळी दिसली, तर बेत रद्द. रोपवर लटकलेल्या माणसाला माश्यांपासून पळता येत नाही. कपारीत गिधाडांची घरटी असतील तरी तो कडा त्यांचा, आपला नाही.

बोल्ट ठोकण्याची घाई तर नकोच. ते भोक कायमचं राहतं. सांदणसारखा भाग अभयारण्यात येतो, तिथं वनविभागाला विचारल्याशिवाय ड्रिल बाहेर काढायचं नाही.

एवढं सगळं पाहायचं तर मजा कुठंय? इथंच आहे. वॉलवर मार्ग दुसऱ्यानं आखलेला असतो. इथं दगडावर खडूचा एकही ठसा नसतो, पुढचा हात कुठं टाकायचा ते तुम्हीच ठरवता.

फक्त निघण्याआधी एक नियम करा. ग्रुपमधलं कुणीही, अगदी पहिल्यांदा आलेली ज्युनिअरसुद्धा, ‘आज नको’ म्हणाली तर रोप गुंडाळायचा. कारण विचारायचं ते चहाच्या टपरीवर पोचल्यावर.