कर्जत-खालापूरच्या घरांतील रेडॉन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

खडकात आणि मातीत अल्प प्रमाणात असलेल्या युरेनियमचे टप्प्याटप्प्याने विघटन होत असताना रेडियम तयार होते आणि रेडियमपासून रेडॉन हा रंग, वास व चव नसलेला किरणोत्सर्गी वायू जन्माला येतो. तो जमिनीच्या भेगांतून वर येऊन मोकळ्या हवेत विरून जातो, पण बंद घरात साचू शकतो. किरणोत्सर्ग म्हटला की अणुभट्टीच आठवत असल्यामुळे हा वायू ट्रॉम्बेसारख्या अणुकेंद्रातून येत असावा, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज प्रकल्पात १९८४ साली स्टॅन्ली वॉट्रस या अभियंत्याच्या अंगावरील किरणोत्सर्गामुळे धोक्याची घंटा वाजू लागली, तेव्हा प्रकल्पात वीजनिर्मिती सुरूही झालेली नव्हती. शोध घेता तो किरणोत्सर्ग त्याच्या राहत्या घरातून, घराखालच्या जमिनीतून येत असल्याचे आढळले. घरांतील रेडॉनकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते प्रामुख्याने या घटनेनंतर.

म्हणून पहिला प्रश्न घराखाली कोणता खडक आहे, हा असतो. भोर घाटाच्या पायथ्यापासून माथेरानच्या डोंगरापर्यंत पसरलेले कर्जत आणि खालापूर हे तालुके सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या काळ्या कातळावर, म्हणजे बसाल्टवर वसलेले आहेत, आणि बसाल्ट हा युरेनियमच्या बाबतीत गरीब खडक आहे. एक टन ग्रॅनाइटमध्ये साधारणपणे ३ ते ५ ग्रॅम युरेनियम सापडते, तर दख्खनच्या बसाल्टमध्ये ते बहुधा १ ग्रॅमहूनही कमी असते. त्यामुळे युरोप-अमेरिकेतील तळघरे असलेल्या घरांविषयीचे इशारे वाचून खोपोलीतील किंवा नेरळमधील कुटुंबाने धास्ती घेण्याचे कारण नाही. मात्र कातळावर घर आहे म्हणजे रेडॉन नाहीच, हा दुसऱ्या टोकाचा समजही चुकीचा आहे. युरेनियमचा अंश प्रत्येक खडकात आणि मातीत असतो, आणि घरातील पातळी खडकाइतकीच जमिनीच्या भेगांवर व हवेच्या खेळतेपणावर अवलंबून असते.

स्वयंपाकघरातील ग्रॅनाइटच्या ओट्याचीही धास्ती घेतली जाते. ओट्यातून निघणारा रेडॉन घराखालच्या जमिनीतून येणाऱ्या रेडॉनच्या तुलनेत सहसा नगण्य असतो, आणि बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा दगड तर बहुतेकदा ग्रॅनाइट नसून बसाल्टच्याच कुळातील डोलेराइट किंवा गॅब्रो असतो.

रेडॉन श्वासावाटे आत गेला तरी त्याचा बहुतांश भाग उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो, त्यामुळे खरा घातक घटक हा वायू नसून त्याच्या विघटनातून निर्माण होणारे पोलोनियमसारखे घनरूप अणू आहेत, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. हे अणू हवेतील धूलिकणांना आणि धुराच्या कणांना चिकटून श्वासनलिकेच्या अस्तरावर बसतात आणि तेथे अल्फा कण सोडतात. अल्फा कणांना त्वचेचा बाह्य थरही अडवू शकतो, पण फुप्फुसांच्या कोवळ्या पेशींना तसे कवच नसल्यामुळे त्यांच्यातील जनुकीय द्रव्याला इजा होते. डोकेदुखी, चक्कर किंवा खोकला ही रेडॉनची लक्षणे नव्हेत; त्याचा परिणाम अनेक वर्षांनी, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रूपाने दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली रेडॉनला मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या गटात घातले.

तथापि धोका सर्वांना सारखा नसतो, आणि या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. रेडॉन ‘बेकरेल’मध्ये मोजतात, एक बेकरेल म्हणजे दर सेकंदाला एका अणूचे विघटन. युरोपातील १३ अभ्यासांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार, कधीही धूम्रपान न केलेल्या १,००० व्यक्तींपैकी वयाच्या पंच्याहत्तरीपर्यंत फुप्फुसाचा कर्करोग होण्याचे प्रमाण रेडॉन नसताना सुमारे ४, तर दर घनमीटर हवेत ४०० बेकरेल रेडॉन असताना सुमारे ७ येते. धूम्रपान करणाऱ्यांत हेच आकडे सुमारे १०० आणि १६० असे आहेत. म्हणजे विडी ओढणाऱ्याच्या बाबतीत रेडॉनने घातलेली भर न ओढणाऱ्याच्या कित्येक पट असते, आणि रेडॉनविरहित घरात राहूनही त्याचा मूळ धोका मोठाच राहतो. चुलीच्या धुराचा विचार यापासून तोडता येत नाही. लाकूडफाट्याच्या घरगुती धुराला त्याच संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले आहे. शिवाय हा धूर दमा, श्वसनमार्गाचे जुने विकार आणि हृदयविकार यांनाही कारणीभूत होतो. ठाकूर-कातकरी वाड्यांवरील एकाच खोलीच्या घरात, चुलीपाशी रोज तासन् तास बसणाऱ्या स्त्रीच्या फुप्फुसांना धूर हा रेडॉनपेक्षा कितीतरी निकटचा शत्रू आहे.

रेडॉन हवेपेक्षा सुमारे साडेसातपट जड असतो, म्हणून तो जमिनीलगत थर करून राहतो आणि खाटेवर झोपणारा सुरक्षित असतो, असे मानणेही बरोबर नाही, कारण खोलीतील हवेच्या हालचालीने तो सर्वत्र मिसळतो. वरच्या मजल्यांवर त्याचे प्रमाण सहसा कमी आढळते, पण त्याचे कारण वजन नसून जमिनीपासूनचे अंतर हे आहे. खोली थंड ठेवणारा वातानुकूलक बहुधा आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, त्यामुळे दारे-खिडक्या लावून तो चालवल्यास रेडॉन घटत नाही. कुंडीतील झाडांचाही काही उपयोग होत नाही.

जुन्या कौलारू घरात कौलांच्या फटींतून आणि भिंत व छप्पर यांच्यामधील मोकळ्या जागेतून हवा सतत खेळती राहते, तर कर्जतच्या परिसरात सुट्टीपुरते उघडले जाणारे आधुनिक बंगले आठवडेच्या आठवडे घट्ट बंद असतात. अशा बंगल्यात पोहोचल्यावर समोरासमोरच्या खिडक्या काही तास उघड्या ठेवल्या की साचलेली हवा निघून जाते. जोते आणि फरशी यांमधील भेगा, तसेच नळ व सांडपाण्याच्या नळ्यांभोवतीच्या फटी सिमेंटने बुजवणे, हा स्वस्त उपाय आहे. जेथे मोजणीत खरोखरच जास्त पातळी आढळते, तेथे जोत्याखालच्या भरावातून नळी काढून लहान पंख्याने तेथील हवा छपराच्या वर सोडतात. मात्र बसाल्टच्या प्रदेशात ती वेळ क्वचितच येईल. मोजणी अल्फा कणांचे माग उमटणाऱ्या प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मने, काही महिने ती खोलीत ठेवून केली जाते. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबणे योग्य नाही, कारण थंडीच्या रात्री दारे बंद असताना हा आकडा उन्हाळ्यातील दुपारच्या कितीतरी पट असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरांसाठी दर घनमीटरला १०० बेकरेल ही पातळी सुचवली असून, ती साधणे शक्य नसेल तेथे ३०० ही कमाल मर्यादा मानली आहे.

कर्जत-खालापूरच्या रहिवाशाने फुप्फुसांच्या आरोग्यासाठी कष्ट आणि पैसा खर्च करायचे ठरवले, तर आधी विडी-सिगारेट सुटली पाहिजे, मग चुलीच्या धुराला घराबाहेर वाट मिळाली पाहिजे. रेडॉनच्या मोजणीचा क्रमांक त्यानंतर लागतो.