तीन हजार वर्षे कापणारी कात्री

आमच्या वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत आणि सिनेमा बघायचा तर मॉलमध्ये जावे लागते. चौघांचे तिकीट काढायचे म्हणजे महिन्याचे गणित बिघडते. म्हणून आपली माणसे घरीच बघतात. मीही २०२५ सालचे तीन हिंदी सिनेमे घरीच लागोपाठ पाहिले : 'फुले', 'धडक २' आणि 'होमबाउंड'.

'फुले' ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीलाच यायचा होता. ब्राह्मण संघटनांनी ओरड केली आणि तो २५ एप्रिलवर गेला. प्रतीक गांधी आणि पत्रलेखा यांनी मनापासून काम केले आहे. पण सिनेमा शाळेच्या धड्यासारखा चालतो, जोतीरावांची आग संवादांतून सांगितली जाते, पोळत नाही. तरी तो बघावा. कारण सेन्सॉरने त्यात काय काढायला लावले हे बघण्यासारखे आहे. महार, मांग हे शब्द नकोत, पेशवाई नको, कमरेला बांधलेला झाडू नको! तो झाडू कोणा पटकथाकाराच्या डोक्यातून आलेला नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'त पेशव्यांच्या पुण्यातला हाच झाडू जगापुढे ठेवला होता. पुस्तकात चालतो, मग पडद्यावर का चालत नाही?

'फुले'मध्ये गुलामगिरीचा काळ तीन हजार वर्षे असा सांगितला होता. त्याचे 'कित्येक वर्षे' झाले. 'धडक २'मध्येही तीन हजार वर्षांच्या अनुशेषाची भाषा होती, तिथेही आकडा उडाला. दोन वेगळे सिनेमे, कात्री मात्र एकाच जागी. आकडा आला की हिशेब येतो, आणि हिशेब आला की देणेकरी कोण हे विचारावे लागते.

'धडक २' हा मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८) या तमिळ सिनेमावरून केला आहे. मूळ सिनेमाची धार याला नाही. तरीही याच निर्मात्यांनी २०१८ साली 'सैराट'चा 'धडक' करताना जातच गाळून टाकली होती, त्या मानाने शाझिया इक्बाल यांनी बरीच मजल मारली आहे.

पण खरा हलवून गेला तो नीरज घेवान यांचा 'होमबाउंड'. चंदन पोलीस भरतीचा फॉर्म भरताना राखीव रकाना टाळतो. सवलत नको म्हणून नव्हे, जात कळू नये म्हणून. त्याची आई शाळेत जेवण शिजवते तर पालकांना ते चालत नाही. आणि बहीण त्याला सुनावते की घरात शिकायला फक्त तुलाच मिळाले. आपल्या चळवळीतल्या पुरुषांनी हा प्रसंग दोनदा बघावा. चंदनचा मित्र मुसलमान आहे. लॉकडाऊनमध्ये दोघे सुरतेहून गावाकडे निघतात, पुढचे सांगत नाही.

फॉर्मवरचा तो रकाना आमच्याकडेही आहे. टॉवरमध्ये भाड्याने घर बघायला गेलेली आपली मुले नाव आणि वडिलांचे नाव सांगून थांबतात. समोरचा विचारतो, "पूर्ण नाव?" हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत नेलेली घरेही मी पाहिली आहेत. या मुलांवर रागावून उपयोग नाही. रविवारी विहारात वंदना झाल्यावर ती अर्धा तास थांबतातच. त्या वेळात त्यांच्याशी या सिनेमावर बोलावे, आणि भाषण न करता आधी त्यांना बोलू द्यावे.