राणीचा नवस, एकवीस वर्षांचा

"पोराचं सगळं नीट होऊ दे, वर्षभर गोड खाणार नाही." देवापुढं असं कधी बोलली नाही अशी आई विरळाच! बोलायला क्षण पुरतो, फेडताना वर्षं सरतात. दोन हजार वर्षांपूर्वी एका राणीलाही हाच अनुभव आला.

तिचं नाव हेलेना. आजच्या इराकमधल्या अर्बिलच्या परिसरात अडियाबेन नावाचं राज्य होतं, तिथली ती राणी. तिनं ज्यू धर्म स्वीकारला होता. मिश्ना या ज्यू ग्रंथात तिची हकिगत आहे. मुलगा लढाईला निघाला तेव्हा ती म्हणाली, "तो सुखरूप आला तर मी सात वर्षं नाझीर राहीन."

नाझीर म्हणजे व्रतस्थ. हे व्रत पुरुष घेत, तसं बायकाही घेत. केस कापायचे नाहीत. द्राक्षारस वर्ज्य, इतकंच काय, द्राक्षं आणि मनुकेसुद्धा नाहीत. आईवडील वारले तरी प्रेताजवळ जायचं नाही. मुदत बोलली नसेल तर ३० दिवस.

मुलगा परतला. राणीनं सात वर्षं व्रत पाळलं आणि ती जेरुसलेमला आली. तिथले पंडित म्हणाले, परदेशातलं व्रत धरत नाहीत, पुन्हा सात वर्षं! तीही संपत आली, तोच विटाळ झाला. परत पहिल्यापासून! एकूण एकवीस वर्षं. एका पंडिताच्या मते मात्र चौदाच.

बाईच्या शब्दाला तिथं एक अट होती. बायकोचा नवस ऐकला त्याच दिवशी नवरा तो मोडू शकत असे. तो गप्प राहिला तर नवस पक्का. विधवेचा आणि घटस्फोटितेचा शब्द मात्र तिचा तिचाच.

इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडलं आणि व्रताच्या शेवटी करायचे बळी-विधी थांबले. पण आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल घरांत मूल व्हावं म्हणून असा नवस बोलत. मुलाचे केस राखत, पुढे ते उतरवून त्यांच्या वजनाइतकं सोनं-चांदी दान करत.

आणि गंमत बघा, देवानं दिलेलं सुख उगाच नाकारणं हेही पापच, असं सांगणारे पंडित त्याच परंपरेत होऊन गेले. मैत्रिणींनो, पुढचा नवस बोलण्याआधी तेवढं आठवा. मुलं सुखरूप असावीत म्हणून आईनं उपाशीच राहायला हवं का?