पाण्यात चंद्र कुठे गेला?

धक्क्याच्या कठड्याला रेलून तीन मुली खाली पाण्यात बघताहेत. एकीचा झगा पांढरा, एकीचा लाल, एकीचा हिरवा. पलीकडच्या काठावर घर, त्याला लागून डेरेदार झाडी, आणि वर आकाशात फिकट पिवळा चंद्र. झाडी पाण्यात उतरली आहे, चांगली काळीशार. आता पाण्यात चंद्र शोधा. नाहीच!

एडवर्ड मुंकने हे चित्र १९०१ च्या सुमारास रंगवलं. आज ते ऑस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जागा खरी आहे: नॉर्वेतल्या फ्योर्डकाठचं ऑसगोर्स्त्रांड हे गाव. तिथे मुंकने १८९८ मध्ये लहानसं घर घेतलं होतं. मग रोजच्या बघण्यातला चंद्र तो विसरला कसा?

विसरलाच असेल असं नाही. प्रतिबिंब म्हणजे समोरच्या देखाव्याची उलटी नक्कल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आपले डोळे पाण्याच्या वर जितके उंच, तितकेच पाण्याखाली असते तर जे दिसलं असतं, ते पाण्यात दिसतं. तेवढ्या खालून पाहिलं की काठावरची झाडं आणखी उंच होतात आणि छपराच्या जेमतेम वर आलेला चंद्र त्यांच्याआड जातो. पौर्णिमेला एखाद्या तळ्याच्या उंच घाटावरून हे स्वतः पडताळून पाहण्यासारखं आहे.

पण भौतिकशास्त्राने गणित सुटलं तरी चित्र सुटत नाही. वर चंद्र आहे, उन्हाळ्यातली उजळ रात्र आहे, आणि या मुलींची नजर मात्र नेमकी पाण्याच्या त्या भागावर आहे, जिथे फक्त काळोख आहे. चेहरे आपल्याला दिसत नाहीत. त्या कुजबुजताहेत की गप्प आहेत, हेही कळत नाही. धड लहान नाही, धड मोठ्या नाहीत, अशा वयात माणूस आत काय बघत असतो ते बाहेरच्याला कधी दिसतं? मुंकने एकही चेहरा न दाखवता ते वय रंगवलं. मुंकचं नाव ज्या कलाप्रवाहाशी जोडलं जातं तो अभिव्यक्तिवाद म्हणजे किंचाळणारे चेहरे, हा समज इथे मोडीत निघतो.

गंमत म्हणजे 'किंकाळी' हे चित्रही मुंकचंच, १८९३ चं, आणि तिथेही असाच तिरका धावणारा कठडा आहे. तिथला माणूस कठड्याकडे पाठ करून आपल्याकडे तोंड वासतो. इथे मुली आपल्याकडे पाठ करतात. मला विचाराल तर दुसरं जास्त अस्वस्थ करतं. किंकाळी निदान आपल्याला उद्देशून आहे.

मुंकला हा विषय सोडवेना. याच धक्क्याची सुमारे डझनभर तैलचित्रं त्याने केली, वर छापचित्रंही. काहींत मुलींच्या जागी प्रौढ बायका आल्या.