दोन नागरिकत्वे आणि एक संसार

उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाने स्वतःला ब्रिटिश म्हणवावे, आयरिश म्हणवावे की दोन्ही म्हणवावे, याचा निर्णय त्याचा त्याने करावयाचा आहे. १० एप्रिल १९९८ रोजी बेलफास्ट येथे झालेल्या, आणि गुड फ्रायडे करार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समझोत्यातील हे एक मूलभूत कलम होय. तीन दशकांचा हिंसाचार आणि साडेतीन हजारांच्या आसपास माणसांचे बळी, एवढी किंमत मोजल्यावर ते कागदावर आले. या कलमाची कसोटी एखाद्या मोर्चात किंवा मतपेटीपाशी लागेल असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात ती लागली एका नवविवाहित जोडप्याच्या रहिवासाच्या अर्जावर.

एमा डीसूझा हे त्या अर्जदार स्त्रीचे नाव. आडनाव आपल्याकडे ओळखीचे वाटले तरी ही बाई गोव्याची नव्हे, उत्तर आयर्लंडची. २०१५ साली तिने एका अमेरिकन तरुणाशी विवाह केला आणि पतीला आपल्याजवळ राहता यावे म्हणून ब्रिटिश गृहखात्याकडे रीतसर अर्ज केला. तिच्याजवळ पासपोर्ट होता तो आयर्लंडचा. त्यामुळे युरोपीय संघाच्या नागरिकाला दुसऱ्या सदस्यदेशात राहताना आपले कुटुंब सोबत ठेवण्याचा जो हक्क संघाच्या २००४ च्या निर्देशाने दिलेला होता, त्याचा आधार तिने घेतला. गृहखात्याचे उत्तर असे आले की, १९८१ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्यानुसार ती जन्मतःच ब्रिटिश आहे. म्हणजे ती ‘दुसऱ्या’ देशात राहतच नाही. तेव्हा तो निर्देश तिला लागू नाही. तिने ब्रिटिश नागरिक म्हणून नव्याने अर्ज करावा. हे नको असेल तर ब्रिटिश नागरिकत्वाचा विधिपूर्वक त्याग करून मग आयरिश म्हणून यावे.

या दुसऱ्या पर्यायातील खोच ध्यानात घेण्याजोगी आहे. जे नागरिकत्व तिने कधी मागितले नाही, कधी वापरले नाही, ते आपले होते असे तिने प्रथम मान्य करावयाचे आणि नंतर शुल्क भरून ते सोडावयाचे. पहिल्या न्यायाधिकरणाने तिच्या बाजूने कौल दिला. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये वरिष्ठ न्यायाधिकरणाने तो फिरवला. राष्ट्रीयत्व हे कायद्याने ठरते, व्यक्तीच्या स्वतःविषयीच्या भावनेने नव्हे. आणि आंतरराष्ट्रीय करारातील शब्द देशाच्या कायद्यात उतरविलेले नसतील तर न्यायालयास ते अंमलात आणता येत नाहीत, असा त्या निर्णयाचा आशय. कायद्याच्या अंगाने त्यात चूक काढणे अवघड आहे. समझोत्याच्या अंगाने पाहिले तर ज्या वाक्यावर दोन समाजांनी शस्त्रे खाली ठेवली, ते वाक्य बाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर केवळ सदिच्छा ठरले.

एखाद्या स्त्रीने ‘मी तुमची नव्हे’ असे सांगावे आणि सरकारने ‘नाही, तू आमचीच’ असा आग्रह धरावा, यात एरवी आपुलकी दिसली असती. येथे आग्रहामागे हिशेब होता. नागरिक ठरताच तिचे हक्क कमी होणार होते!

हे कोडे उलगडण्यासाठी बेलफास्टमधील एकाच गल्लीतल्या दोन शेजाऱ्यांची कल्पना करावी. ब्रिटन संघात असतानाचा काळ. एकाचा जन्म डब्लिनचा, दुसऱ्याचा बेलफास्टचा. दोघांच्याही खिशात आयरिश पासपोर्ट, दोघांच्याही बायका भारतीय. डब्लिनकर संघाच्या कायद्याखाली येतो. त्याची नोकरी खरीखुरी असली की पुरे. पत्नीच्या रहिवासपत्राला ६५ पौंड शुल्क. बेलफास्टकर मात्र घरचा, म्हणून घरच्या नियमांखाली येतो. त्याला ९ जुलै २०१२ पासून लागू झालेली उत्पन्नाची अट पुरी करणे भाग: वर्षाला किमान १८,६०० पौंड. शिवाय शुल्क निराळे, आरोग्यसेवेचा अधिभार निराळा, ठरावीक काळाने पुन्हा अर्ज निराळा. संघाच्या कायद्याला सीमा ओलांडणाऱ्याची काळजी होती. जो जागचा हलला नाही त्याला त्याने त्याच्या सरकारच्या हवाली केले होते. युरोपातील कायदेपंडित यास ‘उलटा भेदभाव’ म्हणतात. सरकारने परक्याला झुकते माप द्यावे आणि तेही स्वकीयाच्या तुलनेत, असा प्रकार इतिहासात फारसा आढळत नसावा.

या व्यवस्थेतील पहिली फट एका भारतीयाच्या नावाने ओळखली जाते. सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकाने १९८२ साली एका ब्रिटिश स्त्रीशी विवाह केला. १९८३ ते १९८५ या काळात दोघे जर्मनीत नोकरी करीत होते. नंतर व्यवसाय सुरू करण्यासाठी ती ब्रिटनमध्ये परतली. पुढे हा विवाह टिकला नाही आणि सुरिंदर सिंग यांच्या राहण्याच्या हक्काचा प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. ७ जुलै १९९२ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, जो नागरिक दुसऱ्या सदस्यदेशात काम करून मायदेशी परततो, त्याच्या जोडीदाराला निदान तेवढे हक्क मिळालेच पाहिजेत जेवढे परक्या सदस्यदेशात मिळाले असते. अन्यथा कोणी घर सोडून कामाला जाणारच नाही. तर्क शुद्ध अर्थशास्त्राचा आहे. परिणाम मात्र विलक्षण झाला. २०१२ च्या उत्पन्न-अटीनंतर अनेक ब्रिटिश नागरिक आपल्याच देशात आपल्याच पत्नीसह राहता यावे म्हणून काही महिने आयर्लंडमध्ये किंवा युरोपात बिऱ्हाड थाटू लागले. ‘सुरिंदर सिंग मार्ग’ हा शब्दप्रयोग वकिलांच्या नित्याच्या बोलण्यात आला.

दुसरी फट दुहेरी नागरिकत्वाची होती आणि ती लवकर बुजविण्यात आली. इंग्लंडमध्येच आयुष्य घालविलेल्या एका ब्रिटिश स्त्रीने, जमैकन पुरुषाशी लग्न झाल्यावर, आपल्या आयरिश वारशाच्या बळावर आयरिश पासपोर्ट मिळविला आणि संघाच्या कायद्याचा हक्क सांगितला. मॅकार्थी नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात ५ मे २०११ रोजी न्यायालयाने म्हटले की, जी घराबाहेर पडलीच नाही तिला केवळ दुसऱ्या पासपोर्टामुळे तो हक्क मिळत नाही. या निकालाचे बोट धरून ब्रिटनने २०१२ मध्ये आपल्या नियमांतील व्याख्याच बदलली: जो ब्रिटिश आहे तो, दुसरे नागरिकत्व असले तरी, युरोपीय मानला जाणार नाही. मॅकार्थीबाईंच्या बाबतीत हा नियम समजण्यासारखा आहे. पण उत्तर आयर्लंडमध्ये दोन नागरिकत्वे म्हणजे सोयीसाठी काढलेले दोन पासपोर्ट नव्हेत. तो तेथील शांततेचा पाया आहे. लंडनमध्ये व्याख्या बदलणाऱ्यांना हा फरक त्या वेळी सुचला नाही, की सुचूनही दुर्लक्षिला गेला, हे सांगणे कठीण.

एमा डीसूझाच्या लढ्याने अखेर हा फरक सरकारला मान्य करावा लागला. मे २०२० मध्ये नियमबदल जाहीर झाला आणि २४ ऑगस्ट २०२० पासून उत्तर आयर्लंडच्या माणसांचे परदेशी जोडीदार, मग ती माणसे ब्रिटिश असोत, आयरिश असोत वा दोन्ही, युरोपीय नागरिकांसाठी असलेल्या निवासयोजनेत विनाशुल्क अर्ज करू शकू लागले. विजय खराच. पण तो अल्पायुषी ठरला. ब्रिटन संघाबाहेर पडले होते आणि ३१ डिसेंबर २०२० ही मर्यादारेषा आखलेली होती. त्या दिवसापर्यंत जुळलेल्या नात्यांनाच ही योजना लागू. सुरिंदर सिंग मार्गाने परतणाऱ्यांनाही २९ मार्च २०२२ ची मुदत घालण्यात आली. मर्यादारेषेनंतर लग्न करणारा बेलफास्टकर कोणताही पासपोर्ट दाखवो, उत्पन्नाची अट त्याला चुकत नाही. परक्याला झुकते माप देणारा भेदभाव मिटला. पण परक्याला खाली ओढून मिटला.

ही अट आता किती चढली आहे ते पाहावे. एप्रिल २०२४ मध्ये १८,६०० चा आकडा २९,००० पौंडांवर नेण्यात आला. त्याच महिन्यात ब्रिटनमधील प्रौढांचे किमान वेतन ताशी ११ पौंड ४४ पेन्स झाले. आठवड्याला ४० तासांप्रमाणे वर्षभर एकही खाडा न करता राबणाऱ्याला त्यातून २३,८०० पौंडही मिळत नव्हते. सरकारनेच ठरविलेले वेतन मिळविणारा माणूस सरकारच्याच मते संसार करण्याइतका कमावीत नाही, असा याचा अर्थ होतो. मूळ अटीमागचा विचार अगदीच निराधार नव्हता: ज्या उत्पन्नावर जोडप्याला सरकारी साहाय्याची गरज पडू नये ते गाठलेले असावे. परंतु बाहेरदेशाहून अर्ज करणाऱ्या जोडीदाराची तिकडची कमाई हिशेबात धरली जात नाही, आणि लंडनचे पगार व बेलफास्टचे पगार एकाच मापाने मोजले जातात. बचतीच्या आधारे ही अट पुरी करावयाची तर ८८,५०० पौंड गाठीशी हवेत. इतकी शिल्लक ज्याच्यापाशी आहे त्याच्या बायकोचा भार सरकारवर पडेल ही भीती मुळातच कोणाला असणार?

ब्रिटिश धोरणाची ही रेषा थेट गोव्यातल्या घरांपर्यंत येऊन पोचते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्यांना व त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचा कायदा आपले नागरिकत्व देऊ करतो. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमानुसार परके नागरिकत्व स्वेच्छेने घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. त्यामुळे एकाच घरात पती पोर्तुगीज आणि पत्नी भारतीय, असे चित्र सासष्टीत वा बार्देशात दुर्मीळ नाही. लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेले असंख्य गोवेकर पुढे इंग्लंडला गेले. स्विंडन शहरात त्यांची मोठी वस्ती आहे आणि त्यांतील कित्येकजण गुदामांत व कारखान्यांत काम करतात. ब्रिटन संघात होते तोवर हा गोवेकर बेलफास्टच्या भूमिपुत्राहून सुदैवी होता. तो निखळ परका होता. त्याला कोणी ‘तू आमचाच’ म्हणाले नाही.

समजा, स्विंडनच्या एकाच गुदामात काम करणारे दोन भाऊ आहेत. थोरल्याचे लग्न २०१९ मध्ये मडगावला झाले. त्याची पत्नी मर्यादारेषेच्या अलीकडची. तिच्यासाठी त्याचा पगार कोणी विचारीत नाही. धाकट्याचे लग्न २०२४ च्या पावसाळ्यानंतरचे. त्याच चर्चमध्ये, त्याच पाहुण्यांदेखत झालेले. त्याच्या पत्नीला व्हिसा हवा तर सहा महिन्यांच्या पगारपत्रकांवरून वर्षाचे २९,००० पौंड सिद्ध झाले पाहिजेत; अर्जाच्या शुल्काखेरीज वर्षाला १,०३५ पौंडांचा आरोग्य-अधिभार आगाऊ भरला पाहिजे. दोघा भावांचा ताशी दर एकच आहे. धाकटा जादा पाळ्या करतो, आणि पगारपत्रके जमेपर्यंत त्याची पत्नी मडगावलाच आहे.